यह्या : एका नावाचे दोन अर्थ

मुसलमान मुलांच्या नावांचे अर्थ देणाऱ्या पुस्तिकांतून ‘यह्या’ या नावापुढे सामान्यतः तीनपैकी एक नोंद आढळते. ‘एका पैगंबरांचे नाव’ ही पहिली, ‘जगणारा’ ही दुसरी, आणि ‘ईश्वराने कृपा केली’ ही तिसरी. पहिली नोंद अर्थ सांगतच नाही. ती केवळ नावधारकाचा निर्देश करते. दुसरी अरबी धातूवरून लावलेली आहे. तिसरी तर अरबी नव्हेच. तो ‘योहानान’ या हिब्रू नावाचा अर्थ आहे, आणि यह्या व योहानान ही व्यक्ती एकच म्हणून त्यांच्या नावांचा अर्थही एकच असला पाहिजे, अशा समजुतीने तो ‘यह्या’च्या खाती जमा करण्यात आला आहे. ही सरमिसळ केवळ पुस्तिकाकारांची असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु व्यक्तीची एकरूपता आणि शब्दाची एकरूपता यांमधील हा गोंधळ विद्वानांच्या लिखाणातही वेगवेगळ्या वेषांत वावरताना दिसतो. एका पक्षाने त्यापायी ‘यह्या’ हा शब्द चुकीच्या वाचनातून जन्मलेला ठरविला, तर दुसऱ्या पक्षाने त्याचे परकीयत्वच नाकारले. या दोन्ही पक्षांची तपासणी करून, नावाच्या अर्थाचा प्रश्न मुळात कोणत्या पातळीवर विचारावयाचा, हे पाहणे अगत्याचे आहे.

व्यक्तीविषयी वाद नाही. कुराणात यह्यांचे नाव पाच ठिकाणी येते (३.३९, ६.८५, १९.७, १९.१२ आणि २१.९०). वृद्ध जकरिया, त्यांची वंध्या पत्नी, वारसासाठी केलेली गुप्त प्रार्थना, पुत्रलाभाची वार्ता आणि त्या वार्तेची खूण म्हणून जकरियांना आलेले मौन, हा सारा कथाभाग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात ओळखता येण्याजोगा आहे. ख्रिस्ती परंपरेत ज्यांना बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतात, तेच इस्लामी परंपरेतील हजरत यह्या होत. मतभेद सुरू होतो तो नावाच्या रूपापाशी.

‘योहानान’ या हिब्रू नावाचे दोन घटक आहेत. ‘यो’ हे ईश्वरनामाचे संक्षिप्त रूप, आणि ‘हानान’ हे ह-न-न या धातूचे, ‘त्याने कृपा केली’ या अर्थाचे रूप. (अरबी व हिब्रूमध्ये घशातून उच्चारला जाणारा एक ‘ह’ असतो, येथे चर्चिलेला ‘ह’ तोच होय. देवनागरीत त्यासाठी वेगळे अक्षर नाही.) हे नाव ग्रीकमध्ये गेले तेव्हा ‘योआन्नेस’ झाले; ग्रीक लिपीला शब्दाच्या मध्यभागी हा ‘ह’ लिहिण्याची सोय नव्हती, म्हणून तो गळाला. सुरियानीत ते ‘युहन्नान’ असे राहिले, आणि अरबी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी अन्त्य ‘न’ सोडून ‘युहन्ना’ केले. या साखळीतील प्रत्येक बदलाचा हिशेब देता येतो, आणि प्रत्येक दुव्यात द्वित्त ‘न्न’ शाबूत आहे. ‘यह्या’त मात्र ‘न’ औषधालाही नाही. ‘न्न’च्या जागी ‘य’ यावा असा कोणताही ध्वनिनियम अरबीत, सुरियानीत किंवा त्या दोहोंच्या दरम्यानच्या व्यवहारात दाखविता येत नाही. तेव्हा ‘यह्या’ हे ‘योहानान’चे अपभ्रष्ट रूप आहे, असे जे सहज म्हटले जाते, त्याला भाषाशास्त्राचा आधार नाही.

ही अडचण ओळखूनच विसाव्या शतकाच्या आरंभी काही युरोपीय पंडितांनी लिपीचा आश्रय घेतला. प्राचीन अरबी हस्तलिखितांत अक्षरांवरील नुक्ते फारच विरळ असत. नुक्ते काढून टाकले, तर शब्दाच्या मध्यभागी येणारे ‘य’ आणि ‘न’ ही दोन्ही अक्षरे एका छोट्या उभ्या दातासारखी, एकमेकांपासून मुळीच न ओळखता येणारी दिसतात. म्हणून मूळ पाठ ‘युहन्ना’ असा असावा आणि पुढील वाचकांनी दाताखाली दोन नुक्ते कल्पून तो ‘यह्या’ असा वाचला असावा, अशी ही उपपत्ती. कागदावर ती मोठी आकर्षक दिसते. कागदावरच, असे मुद्दाम म्हणावे लागते. कारण कुराणाच्या संक्रमणाचा मुख्य आधार कागद नव्हता. ते पाठांतराने टिकले, आणि पाठकांच्या परंपरांनी जिथे जिथे मतभेद होते तिथे ते नोंदवूनही ठेवले. मान्य पाठपरंपरांत या नावाच्या उच्चारात भेद आहे, तो इतकाच की हम्जा आणि किसाई हे कूफ्याचे दोन पाठक अन्त्य ‘आ’ ‘ए’कडे झुकवितात. व्यंजनांविषयी वाद नाही. जे नाव मशिदीत रोज मोठ्याने वाचले जात होते, आणि ज्याचा धारक शेजारच्या ख्रिस्ती अरबांना दुसऱ्या नावाने सुपरिचित होता, ते सर्व पाठकांनी एकाच वेळी एकाच प्रकारे चुकीचे वाचावे, हे मानण्यास फार मोठी श्रद्धा लागेल.

परंतु या उपपत्तीला खरा शह मिळतो तो एका शिलालेखाने. जॉसां आणि साव्हिन्याक या दोन फ्रेंच धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उत्तर हिजाझची पाहणी करून जे लेख गोळा केले, त्यांत अल्-उला येथील एक नबाती स्मृतिलेख आहे. त्यावर रोमन अरबस्तान प्रांताच्या शकाचे २०१ हे वर्ष, म्हणजे इसवी सन ३०६–३०७, कोरलेले आहे, आणि त्यात ‘शिमओनचा पुत्र’ असलेल्या एका माणसाचे नाव य-ह-य आणि अन्त्य स्वरसूचक अक्षर, असे स्पष्ट आहे. कुराणाच्या तीनशे वर्षे आधी, त्याच भूप्रदेशात, बहुधा यहुदी कुटुंबातील एक मनुष्य ‘यह्या’ हे नाव धारण करून वावरत होता, याचा हा पुरावा. चुकीच्या वाचनातून निर्माण झालेले नाव चुकीच्या वाचनाच्या तीन शतके अगोदर दगडावर कोरले जात नाही.

या संदर्भात आर्थर जेफरी यांच्या कुराणातील परकीय शब्दांविषयीच्या ग्रंथाचा उल्लेख अपरिहार्य आहे. त्यात ‘यह्या’वर स्वतंत्र नोंद आहे. हा ग्रंथ लंडनला किंवा लायडनला नव्हे, तर १९३८ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा ७९ वा ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाला. सयाजीराव महाराजांच्या हयातीतील ग्रंथमालेच्या अखेरच्या वर्षांतील ही एक मोठी कामगिरी. मराठी अभ्यासकांच्या इतक्या निकट सिद्ध झालेल्या या ग्रंथाकडे मराठीतून फारसे पाहिले गेले नाही, ही गोष्ट जाता जाता नमूद करणे भाग आहे. जेफरींच्या आधी योसेफ होरोव्हिट्स यांनी, ज्यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी अलीगढ येथे अरबी शिकविले होते, कुराणातील यहुदी विशेषनामांचा सविस्तर परामर्श १९२५ मध्ये घेतला. या दोघांच्या पद्धतीचा गुण असा की, ती प्रत्येक नावाची वाट शोधते. दोष असा की, वाट सापडली म्हणजे अर्थ सापडला, असे ती गृहीत धरते. नाव कोठून आले हे सांगितल्यावर ते ज्या वाक्यात आले आहे त्या वाक्यात ते काय करीत आहे, हा प्रश्न या पद्धतीला पडत नाही.

अरबी वैयाकरणांना हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पडला होता, आणि त्यांची चर्चा अधिक सूक्ष्म आहे. अल्-जवालीकी (मृत्यू ११४४) यांनी परकीय शब्दांच्या कोशात असे म्हटले आहे की, आदम, सालिह, शुऐब आणि मुहम्मद ही चार सोडून सर्व पैगंबरांची नावे अरबेतर आहेत. त्या हिशेबाने ‘यह्या’ परकीय ठरते. त्याच वर्षी निधन पावलेले जमख्शरी यांनी मात्र दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या. ‘यह्या’ या नावाला अरबी व्याकरणाप्रमाणे तन्वीन, म्हणजे अन्त्य नकार, लागत नाही. हे का? शब्द परकीय मानला, आणि जमख्शरींच्या मते तसे मानणेच उघड आहे, तर विशेषनाम व परकीयत्व या दोन कारणांनी, ‘मूसा’ व ‘ईसा’ यांच्याप्रमाणे. शब्द अरबी मानला, तर विशेषनाम व क्रियापदाचे रूप या दोन कारणांनी, ‘यअमर’ या जुन्या अरबी नावाप्रमाणे. निष्पत्ती दोन्हीकडे एकच. वाचणाऱ्याच्या जिभेवर काहीही फरक पडत नसताना वैयाकरणाने दोन्ही उपपत्ती मांडाव्यात, यात त्याच्या शास्त्राची शिस्त दिसते. पण त्याहून अधिक असे की, एकच शब्द दोन दृष्टींनी पाहता येतो आणि दोन्ही दृष्टींनी तो व्याकरणशुद्ध ठरतो, ही गोष्ट या नावाच्या बाबतीत बाराव्या शतकातच लक्षात आली होती.

लेखनाच्या नियमांतही याचा पडसाद उमटला आहे. ‘जगतो’ हे क्रियापद आणि ‘यह्या’ हे नाव उच्चारात अगदी एक आहेत. पुढील काळातील लेखनशास्त्रज्ञांनी नियम केला की, ‘य’नंतर येणारा अन्त्य ‘आ’ उभ्या अलिफने लिहावा, परंतु ‘यह्या’ हे विशेषनाम असेल तेव्हा अपवाद करून तो ‘य’च्या आकृतीने लिहावा, म्हणजे नाव आणि क्रियापद डोळ्यांना वेगळे दिसतील. कुराणाच्या पारंपरिक लेखनात मात्र हा भेद नाही. तेथे विसाव्या सुरेतील ७४ व्या आयतीतले ‘जगतो’ हे क्रियापद आणि एकोणिसाव्या सुरेतील नाव एकाच रीतीने लिहिलेले आहे. ज्यांनी प्रथम हे नाव ऐकले आणि लिहिले, त्यांना नावात क्रियापद ऐकू येत होते. वैयाकरणांना ते वेगळे करण्याची गरज भासली, यावरूनच ते ऐकू येत होते हे सिद्ध होते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. हे नाव कुराणात जेथे दिले जाते तेथे एक विलक्षण विधान आहे. जकरियांना सांगितले जाते की, या मुलाला यापूर्वी ‘समीय्’ दिलेला नाही (१९.७). ‘समीय्’चा एक अर्थ ‘नामसख’, त्याच नावाचा दुसरा मनुष्य. दुसरा अर्थ ‘तुल्य’, बरोबरीचा. याच सुरेत पुढे ६५ व्या आयतीत ईश्वराला ‘समीय्’ आहे काय, असा प्रश्न येतो, तेथे दुसरा अर्थ स्वाभाविक वाटतो; आणि तबरीने जुन्या भाष्यकारांची दोन्ही मते नोंदविली आहेत. लूकच्या कथेत शेजारी व आप्त मुलाला बापाचे नाव देऊ पाहतात, आई अलीशिबा ‘योहान’ हे नाव सांगते, तेव्हा ते म्हणतात की तुझ्या कुळात या नावाचे कोणी नाही. मग मुका झालेला जखऱ्या पाटीवर तेच नाव लिहून देतो. कुराणातील विधान हे या प्रसंगाचे प्रतिध्वनिरूप आहे, यात शंका नाही. टीकाकारांनी येथे असा आक्षेप घेतला की, ‘कुळात कोणी नाही’ याचे ‘यापूर्वी कोणीच नाही’ असे रूपांतर झाले, आणि ते इतिहासाला धरून नाही. कारण योहानान नावाचे लोक यहुद्यांत पुष्कळ होते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील कारेहाचा मुलगा योहानान आहे, हस्मोनी घराण्यातील योहानान हिर्कानस आहे.

आक्षेपातील माहिती खरी आहे. तर्क मात्र निसटता आहे. कुराणातील वाक्य ‘योहानान’ या नावाविषयी बोलतच नाही. ते ‘यह्या’ या नावाविषयी बोलते. ईश्वराने आधी कोणाला ‘यह्या’ हे नाव दिले नव्हते, या विधानाचे खंडन करण्यासाठी योहानानांची यादी देणे म्हणजे पुन्हा व्यक्ती आणि शब्द यांची अदलाबदल करणे होय. अल्-उलाचा यह्या देखील येथे आड येत नाही, कारण तो चौथ्या शतकातील आहे आणि कथेचा काळ इसवी सनाच्या आरंभीचा. आक्षेपकांचा हा गैरसमज मात्र एका दृष्टीने उपकारक ठरतो: कथेला या नावाचे नवेपण महत्त्वाचे वाटते, हे त्यामुळे ठळक होते. कुळाच्या नावांच्या ओळीत हे नाव बसत नाही, हे लूकला सांगावयाचे आहे. कुराणाने ती गोष्ट एक पाऊल पुढे नेली.

मग जुने नाव गेले कोठे? याचे उत्तर त्याच सुरेत, पाच-सहा आयती पुढे आहे. यह्यांना बालपणीच विवेक दिला, असे सांगून १३ व्या आयतीत त्यांना ईश्वराकडून ‘हनान’ मिळाल्याचे म्हटले आहे. ‘हनान’ म्हणजे ममता, करुणा. हा शब्द संपूर्ण कुराणात केवळ येथेच येतो. करुणेसाठी कुराणाची नेहमीची शब्दसंपत्ती र-ह-म या धातूची. याच सुरेच्या दुसऱ्या आयतीत ती आलेली आहे, आणि शेकडो ठिकाणी ती सहज हाताशी असते. असे असता, ज्या एका व्यक्तीच्या हिब्रू नावात ह-न-न हा धातू आहे, नेमकी तिच्याच वर्णनात ह-न-न धातूचा हा एकमेव शब्द यावा, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. यमकाची सक्तीही येथे नाही. सूरा मरयमच्या या भागातील आयती ‘-ईया’ या ध्वनीवर संपतात. १३ व्या आयतीचे यमक ‘तकीया’ या शब्दावर आहे, ‘हनान’ आयतीच्या आरंभी आहे. कवित्वाने भाग पाडले म्हणून हा शब्द आला, असे म्हणण्यास जागा नाही.

याला पुष्टी देणारी आणखी एक गोष्ट सुरेच्या प्रारंभीच आहे. ‘जकरिया’ या नावाचा हिब्रू अर्थ ‘ईश्वराने स्मरण केले’. त्यातील ज-क-र हा हिब्रू धातू अरबीत ध-क-र असा होतो (हा ‘ध’ मराठी ‘ध’ नव्हे, दातांमध्ये जीभ ठेवून उच्चारला जाणारा घर्षक होय), आणि त्याचे ‘धिक्र’, म्हणजे स्मरण किंवा उल्लेख, हे रूप प्रसिद्धच आहे. भारतीय उच्चारात ते ‘जिक्र’ होते. जकरियांची कथा कुराणात याच शब्दाने उघडते: प्रभूच्या करुणेचा, तिच्या सेवकावरील, ‘धिक्र’. बापाच्या नावाचा अर्थ कथेच्या पहिल्या शब्दात, मुलाच्या जुन्या नावाचा अर्थ त्याच्या वर्णनात. हे दोन्ही एकत्र घेतले म्हणजे असे म्हणावयास हरकत नाही की, ज्या श्रोत्यांसमोर ही कथा सांगितली जात होती, त्यांच्यापैकी काहींना तरी या नावांचे सेमिटिक अर्थ ज्ञात होते, आणि कथनाने त्या ज्ञानाचा उपयोग केला.

तिसरा दुवा यह्यांच्या नव्या नावाचा. १५ व्या आयतीत त्यांच्यावर शांतीचे वचन आहे: जन्माच्या दिवशी, मृत्यूच्या दिवशी, आणि ज्या दिवशी ते ‘हय्’, म्हणजे जिवंत, असे उठविले जातील त्या दिवशी. ‘हय्’ हा ‘यह्या’चाच धातू. येथेही नावाचा श्लेष आहे, असे अनेकांनी म्हटले आहे. परंतु हा दुवा आधीच्या दोहोंइतका भक्कम मानता येणार नाही. ‘हय्’ येथे यमकस्थानी आहे, आणि हेच वचन पुढे ३३ व्या आयतीत ईसा स्वतःविषयी जवळजवळ त्याच शब्दांत उच्चारतात. तेव्हा श्लेष असला तरी तो यह्यांपुरता मर्यादित नाही. पुरावा एका बाजूला भरपूर असला की शेजारच्या कच्च्या पुराव्यालाही त्याची किंमत चढते. समीक्षकाने ती चढू देऊ नये.

तरीही निष्कर्ष पुरेसा स्पष्ट आहे. नाव अरबी केले गेले, आणि हिब्रू नावाचा अर्थ वर्णनात ठेवला गेला. यालाच अपभ्रंश म्हणणे म्हणजे जाणीवपूर्वक केलेल्या रचनेला अपघात म्हणणे होय. एका समाजातील नावाच्या जागी दुसऱ्या समाजातील, ध्वनीने जवळचे पण अर्थाने स्वतंत्र असे नाव ठेवण्याची रीत सेमिटिक जगाला नवी नव्हती. ग्रीक सत्तेच्या काळात येशूआ नावाचे यहुदी स्वतःला ‘यासोन’ म्हणवीत, शिमओन ‘सिमोन’ होत. यासोन हे येशूआचे अपभ्रष्ट रूप आहे असे कोणी म्हणत नाही. ‘यह्या’ आणि ‘योहानान’ यांचा संबंध याच जातीचा आहे.

भारतीय वाचकाला येथे यास्काचे स्मरण व्हावे. निरुक्तात एका ‘अग्नि’ शब्दाच्या अनेक व्युत्पत्ती दिल्या आहेत आणि त्यांतील एक खरी म्हणून इतर खोट्या, अशी यास्काची भूमिका नाही. आधुनिक व्युत्पत्तिशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत सदोष आहे, हे खरे. परंतु निरुक्तकाराला शब्दाचा जन्म शोधावयाचा नव्हता, मंत्रात तो शब्द काय काय वाहून नेतो ते पाहावयाचे होते. धर्मग्रंथातील नावांना ही दृष्टी लागू करताना व्युत्पत्तीची शिस्त सोडावी लागत नाही. दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात, इतकेच.

‘जगतो’ हा अर्थ मान्य केला की भाष्यकारांपुढे खरी अडचण उभी राहते. परंपरेनुसार यह्यांचा वध झाला. कुराणाने वधाची कथा सांगितलेली नाही, परंतु मुसलमान कथाकारांना ती ठाऊक होती. शिवाय ३.३९ मध्ये त्यांना ‘हसूर’, म्हणजे स्त्रीसंगापासून दूर राहणारा, म्हटले आहे. जकरियांनी मागितला होता वारस. मिळाला तो मुलगा निःसंतान राहिला आणि अकाली मारला गेला. आणि त्याचे नाव ‘जगतो’. ही विसंगती भाष्यकारांनी टाळली नाही. कतादा यांचे मत तबरीने दिले आहे: ईश्वराने त्याला श्रद्धेने जिवंत केले म्हणून यह्या. दुसरे मत असे की, त्याच्या योगे मातेच्या वंध्यत्वात जीव आला. तिसरे असे की, तो हुतात्मा झाला, आणि ईश्वरमार्गात मारले गेलेले मृत नसतात. फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) यांच्या भाष्यात अशी मते ओळीने मांडलेली आहेत. त्यांपैकी कोणते मत बरोबर, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येत नाही. पण या मतांची संख्याच सांगते की, नावातील क्रियापद कोणालाही मृत शब्द वाटत नव्हते. ते वाक्य म्हणून वाचले जात होते, आणि वाक्य म्हटले की ते खरे की खोटे हा प्रश्न येतोच.

कथाकारांनी याला एक वेगळेच उत्तर दिले. वधानंतर यह्यांचे रक्त जमिनीवर उकळत राहिले, शांत होईना, अशी ती कथा. ताल्मूदमध्ये असेच उकळणारे रक्त दुसऱ्याच एका व्यक्तीचे, मंदिरात मारल्या गेलेल्या जखऱ्याचे, आहे. बापाच्या नावाने असलेली कथा मुलाकडे आली, असे दिसते. त्या ओघात बाबेलचा नेबुखद्नेस्सर यह्यांच्या वधाचा सूड घेण्यास आला, असाही काळाचा विपर्यास झाला. तबरीने तो विपर्यास असल्याचे दाखवून दिले आहे. परंतु रक्त मरत नाही ही कल्पना ज्याच्या नावाला येऊन चिकटली, त्याचे नाव ‘जगतो’ असावे, हे लोकमानसाला रुचले असल्यास नवल नाही.

या सर्वांच्या तळाशी नामकरणाचा एक जुना हेतू आहे. ज्या घरात मुले जगत नाहीत, त्या घरात ‘जगो’ हे नाव ठेवले जाते. अरबीतील यईश, आइशा, अम्मार ही नावे जगण्याच्या व आयुष्याच्या धातूंवरून आली आहेत. तुर्कीत ‘याशार’ म्हणजे जगतो, ‘दुर्सुन’ म्हणजे थांबो, राहो. मराठी समाजाने याच भयाला उलट्या दिशेने तोंड दिले. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे मुलाला नकोसे ठरवून दृष्टीआड करतात. अरब बाप मुलाच्या नावात इच्छा बोलून दाखवितो, मराठी आई ती लपविते. अल्-उलाच्या शिमओनने आपल्या मुलाचे नाव ‘यह्या’ ठेवले तेव्हा त्याच्या मनात कोणताही पैगंबर असण्याची आवश्यकता नाही. मूल जगावे, एवढे पुरे होते. पुढे तोच मुलगा बापाचे स्मृतिचिन्ह उभारण्याइतका जगला.

नावाच्या पुढील प्रवासात त्याचे धर्मनिरपेक्ष स्वरूप विशेष लक्षणीय आहे. यमनच्या यहुद्यांत ‘यिह्या’ हे नाव सर्रास असे. सना येथील प्रसिद्ध रब्बी यिह्या सालिह (१७१३–१८०५) हे त्यांपैकी एक. बगदादमधील सुरियानी ख्रिस्ती तत्त्वज्ञ यह्या इब्न अदी (मृत्यू ९७४) अॅरिस्टॉटलच्या अनुवादांसाठी विख्यात आहेत. अब्बासी दरबारातील नेस्टोरियन वैद्य इब्न मासवैह यांचे नाव ग्रंथांतून कधी युहन्ना, कधी यह्या असे लिहिलेले आढळते. सहाव्या शतकातील आलेक्सांद्रियाचा ग्रीक भाष्यकार योआन्नेस, ज्याला ‘व्याकरणकार’ हे उपपद होते, तो अरबीत ‘यह्या अन्-नह्वी’ झाला. म्हणजे ग्रीक योआन्नेसची अरबीत दोन रूपांतरे होत होती. परंतु शुभवर्तमानकार योहान मात्र नेहमी ‘युहन्ना’च राहिला. कोणत्या योहानाला कोणते नाव, हे ध्वनीवरून ठरत नव्हते, प्रतिष्ठेवरून व वापरावरून ठरत होते. दक्षिण इराक व खुझिस्तान येथील मांदी पंथीयांच्या ग्रंथात, ज्याचे संपादन लिड्झबार्स्की यांनी १९०५ ते १९१५ च्या दरम्यान केले, तर दोन्ही नावे जोडून ‘यह्या युहाना’ असे संबोधन येते. दमास्कसच्या उमय्या मशिदीत, जी खलीफा वलीद (७०५–७१५) याने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या चर्चच्या जागी बांधविली, यह्यांच्या शिराचे स्थान दाखविले जाते. २००१ च्या मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल तेथे गेले. त्यांचे नाव अरबीत ‘युहन्ना बूलुस’ असे लिहिले जाते.

भारतात हे नाव फारसीच्या वाटेने आले. पंधराव्या शतकातील ‘तारीख-इ-मुबारकशाही’चा कर्ता यह्या बिन अहमद सरहिंदी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. बिहारमधील सूफी शेख शरफुद्दीन (मृत्यू १३८१) यांना ‘अहमद यह्या मनेरी’ म्हणतात, त्यात ‘यह्या’ हे पित्याचे नाव आहे. फारसीच्या रीतीप्रमाणे ते पुत्राच्या नावाला जोडले गेले. मराठीत हे नाव ‘याह्या’ असे लिहिण्याचा प्रघात १९७१ च्या युद्धकाळातील ‘याह्याखान’मुळे बळावला. रोमन लिपीत दोन्ही स्वरांना एकच चिन्ह असल्यामुळे पहिला ऱ्हस्व स्वरही दीर्घ मानला गेला असावा. अरबीत ‘यह्’ येथे अक्षर संपते आणि ‘या’ हे दुसरे अक्षर सुरू होते. मराठीत ‘सह्य’, ‘बाह्य’ यांमध्ये ह आणि य एकमेकांत मिसळतात, तसे ते तेथे मिसळत नाहीत. म्हणून ‘यह्या’ हे लेखन अधिक निकटचे.

महाराष्ट्र आणि गोवा यांत या एका व्यक्तीची तीन नावे नांदतात: मुसलमानांत यह्या, मराठी बायबलमध्ये योहान, आणि गोव्यात २४ जूनला पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या मारून साजरा होणाऱ्या सणाच्या नावातील जांव. ‘सांजांव’ हे पोर्तुगीज ‘सांव जुआंव’चे कोंकणी रूप, आणि त्यातील ‘जुआंव’ लॅटिनमार्गे ग्रीक ‘योआन्नेस’पर्यंत मागे जाते. मूळ हिब्रू धातू ह-न-न. ‘यह्या’त त्यातील ‘ह’ची जागा दुसऱ्या धातूच्या ‘ह’ने घेतली आणि ‘न’ राहिला नाही. ‘सांजांव’मध्ये ‘ह’ ग्रीकांकडेच गळाला, आणि ‘न’ शेवटच्या अनुनासिक स्वरात अद्याप ऐकू येतो.